मिसबाईंची उरलेली बोली

३ फेब्रुवारी १९२७

मिसबाईंची वाचा गेली!

सकाळी चहा घेऊन गेले तर पलंगाखाली पडलेल्या. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. गुरप्पा माळ्याला हाक मारली, दोघांनी मिळून उचललं. डाक्टरसाहेब आले. म्हणाले, "अर्धांगवायू. आता वाट पाहायची." कशाची, ते सांगितलं नाही.

सतरा वर्षं मिशनच्या या बंगल्यात आहे मी. सोलापुरात आले तेव्हा सांगोल्याकडची विधवा धनगरीण — अक्षराची ओळख नव्हती. मिसबाईंनीच लिहायला शिकवलं, दवाखान्यात आजाऱ्याची उस्तवार शिकवली. आज त्यांना एक शब्द फुटेना आणि मी चमच्यानं पाणी घालत बसले. निम्मं उशीवर सांडलं.

९ फेब्रुवारी

बोलल्या! पण काय? मराठी नाही. इंग्रजीही नाही — डाक्टरसाहेबांनाच कळेना. ऐकलेलं त्यांना थोडंबहुत समजतं म्हणे, उत्तर तेवढं देता येत नाही. घशातून अडखळत येतात ते शब्द. मी "काय पायजे मिसबाई?" विचारलं, की पुन्हा तेच बोलतात. माझ्याकडं बघत राहतात. मी मान हलवते. खोटीच!

१२ फेब्रुवारी

उमगलं. आज बोलण्यात 'देने' असा शब्द आला. ही त्यांच्या उत्तरेच्या मुलखातली बोली.

हिंदुस्थानात यायच्या आधी तेरा वर्षं त्या तिकडं मास्तरीण होत्या. कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, सहा महिने नदी गोठते तिथं. शिकारी लोक. स्वतःला 'देने' म्हणतात, म्हणजे माणसं. मला पहिल्यांदा ऐकताना 'देणे' वाटलं होतं आणि तसं चूकही नव्हतं. नदी ओलांडायची तर आधी पाण्याला तंबाखू देतात. जेवायच्या आधी विस्तवाला घास देतात. हरणाला काठीनं मारलं तर त्याचा अपमान होतो, मग कळप त्या वाटेनं फिरकत नाही. मेलेला माणूस कधी कधी तान्ह्या पोराच्या रूपानं परत येतो.

मी तेव्हा म्हटलं होतं, आमच्या तळावर पहिल्या धारेचं दूध बिरोबाच्या नावानं भुईवर सांडतात, तसंच की हे! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "चिमा, अडाणीपणा सगळीकडे सारखाच असतो. मुलं आईबापांपासून लांब, शाळेतच राहायची; तिथे ही बोली कोणी बोललं तर मी तोंड साबणाने धुवायला लावी."

आता तेवढीच बोली उरलीय त्यांच्या तोंडात.

२० फेब्रुवारी

शेगडी जवळ ओढायला लावली. पावाचा तुकडा मोडला आणि डाव्या हातानं निखाऱ्यात टाकला. गुरप्पा दारात उभा होता. "अय्यो, भ्रमिष्ट झाल्या की ओ!"

भ्रमिष्ट नाहीत. धूर वर जाईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या, मगच तोंड उघडलं.

डाक्टरसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "शेगडी लांब ठेवा, भाजेल." बस्, एवढंच.

२ मार्च

एक शब्द सारखा येतो. "मासी." पाणी दिलं — मासी. कूस बदलली — मासी. गुरप्पा म्हणतो, "मासं मागत्यात त्या. दुसरं काय असंल?" नदीकाठी राहिलेल्या, असेलही. डाक्टरसाहेबांनी पातळ पेजेवर ठेवलंय. मासा नको, घशात काटा अडकेल.

इतक्या दिवसांत एकच गोष्ट मागतात आणि मला ती देता येत नाही.

५ मार्च

बाजारातून मरळ आणली. गुरप्पा लिंगायत, त्यानं नाक धरलं, पण बोलला नाही कुणाला. काटे काढून काढून गोळी केली नखाएवढी. मिसबाईंनी निम्मी विस्तवाला दिली, निम्मी खाल्ली. म्हणाल्या, "मासी."

अजून मासा हवाय? पुढं केला तर मान फिरवली. मग काय मागतात?

मी अंगणात जाऊन रडले.

११ मार्च

डाक्टरसाहेब पत्र लिहायला तयार झाले. तिकडं मिसबाईंबरोबर काम केलेले एक म्हातारे पाद्री आहेत. मी शब्द उच्चारून दाखवत होते, ते इंग्रजीत उतरवत होते. सात शब्द. पत्र जहाजानं जाणार, मग आगगाडीनं, मग बोटीनं. उत्तर यायला पाच महिने. मिसबाई पाच महिने काढतील?

२८ एप्रिल

ऊन मी म्हणतंय. वाळ्याचे पडदे भिजवून भिजवून हात सोलले. तरी शेगडी हवीच! नसली की लहान पोरासारखं करतात.

२ जून

पाठीला जखम झाली. धुते, पट्टी बांधते. मासी.

१६ ऑगस्ट

पत्र आलं.

डाक्टरसाहेबांनी वाचून मराठीत सांगितलं. "मासी" म्हणजे "तुझे उपकार झाले." सहा महिने त्या माझे आभार मानत होत्या आणि मी काटे काढत बसले!

बाकीचे शब्द — "थंडी वाजते." "आईला बोलवा." "मी ही बोली नाही बोलणार आता." पाद्री लिहितात, हे मोठ्या माणसाचं बोलणं नव्हे. शाळेतली लहान मुलं रात्री असं म्हणायची.

आत आणखी एक चिठ्ठी होती. एलिझा नावाच्या बाईची. देने लोकांतली, मिसबाईंची विद्यार्थिनी, आता पाद्रींच्या गावात राहते. आपल्या शिक्षिका आपली बोली बोलतात, हे कळल्यावर तिनं लिहिलंय. राग नाही चिठ्ठीत. एकच विचारलंय. तिचा धाकटा भाऊ जोसेफ एका हिवाळ्यात शाळेत खोकून खोकून गेला. आईबाप शिकारीच्या वाटेवर होते, बर्फ वितळल्यावर आले तेव्हा त्याला पुरून झालं होतं. कुठं, ते कुणी सांगितलं नाही. त्यांच्याकडं मयताला पुरल्या जागेभोवती लाकडी कुंपण घालतात. वर्षाला जाळ करून त्याच्या आवडीचं खाणं त्या विस्तवाला देतात. आई चौतीस वर्षांची होती तेव्हापासून जागा शोधत होती. गेल्या साली वारली. मिसबाईंना आठवतं का?

डाक्टरसाहेबांनी चिठ्ठीची घडी घातली. "आता त्या काय सांगणार, चिमाबाई? त्यांना त्रास नका देऊ."

१७ ऑगस्ट

विचारलं नाही. दिवसभर त्यांच्याजवळ होते, तरी विचारलं नाही. आमच्यात कावळा शिवला नाही तर जीव टांगणीला लागतो. त्या माउलीनं तर पिंड ठेवायची जागाच पाहिली नव्हती.

१८ ऑगस्ट

विचारलं. "मिसबाई, एलिझाची चिठ्ठी आलीय. तिचा भाऊ जोसेफ — कुटं पुरलंय त्याला?"

जोसेफ म्हटल्याबरोबर डोळे मिटले. पाणी आलं. त्या बोलीत काहीतरी बोलत राहिल्या, लांबलचक, श्वास पुरेना. मला एक अक्षर कळलं नाही. म्हटलं, चुकलं माझं. नका सांगू. पाय चेपत बसले. कशाला विचारलं मी!

१९ ऑगस्ट

सकाळी डावा हात पुढं केला. पेन्सिल मागत होत्या. चिठ्ठीचा पाठकोरा कागद धरला. वाकडीतिकडी लांब ओळ ओढली — नदी. चौकोन, वर क्रूस — देऊळ. त्याच्या मागं, नदीच्या अंगाला, एक उभी रेघ.

"हा जोसेफ?"

मान हलवली. होय! मला वाटलं, झालं. कागद घ्यायला हात लावला. त्यांनी सोडला नाही. शेजारी दुसरी रेघ ओढली. प्रत्येक रेघेला एका पोराचं नाव घेत होत्या, हळूहळू. चौदाव्या रेघेला कागदाची कड आली. पेन्सिल तशीच पुढं चादरीवर गेली, रेघा ओढत.