पेन कोणाच्या खिशात

शिरपूर,
एप्रिलचा पहिला आठवडा

प्रिय प्रसेनजित,

पत्र पाहून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. सांगते मी, लिहिते तुझी आई. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. वाचून दाखवते तेव्हा वाटतं, ही म्हातारी पुण्यातच जन्मली. तेवढी सूट दिली तिला. ती हसून राह्यली, तेही लिही म्हटलं.

त्या दिवशी फोनवर तू पेनाचं रडगाणं गायलास ते सगळ्या घराने ऐकलं. हौसेने शाईचा पेन घेतलास आणि त्यात चित्रं काढायची काळी पक्की शाई भरलीस. अरे बाबू, ती शाई वाळली की लाखेसारखी बसते. पेनाचा गळाच आवळला तिने. दुसऱ्या कोणी पेनात असली शाई ओतली असती तर त्याला मी घरात घेतलं नसतं. तू नातू आहेस, तुला घेईन. आता साध्या थंड पाण्यात निब बुडवून ठेव, पाणी काळं झालं की बदल, कंटाळा करू नकोस. निघाली तर निघाली. गरम पाणी मात्र नको. तुझ्या बापाने एकदा आजोबांचा काळा पेन कढत पाण्यात टाकून स्वच्छ केला होता. बाहेर काढला तर शेवाळलेल्या दगडासारखा हिरवट. तो रंग काही परत आला नाही. तुझा बाप अजून म्हणतो, पहिल्यापासूनच तसा होता.

तू मित्रांना सांगतोस म्हणे, माझ्या आजीला अक्षर येत नाही पण पेनातलं सगळं कळतं. त्यात काय नवल? तुझे आजोबा, देवमन मास्तर, सगळ्या गावाला शिकवायचे आणि स्वतःला पेन भरता येत नव्हता. रोज पांढऱ्या सदऱ्याचा खिसा निळा करून यायचे. सदरा धुवायचा मी. एक दिवस म्हटलं, मास्तर, डाग माझ्या वाट्याला असतील तर पेनही मीच भरीन. तेव्हापासून ते काम माझं. मला शिकवायलाही बसले होते, पण पोरांवर ओरडतात तसेच ओरडायला लागले. मी पाटी त्यांच्या हातात दिली आणि निंदायला गेले.

त्यांचा तो काळा जाडा पेन ड्रॉपरने भरायचा. त्यात पिशवी नाही, नळी नाही, मागचं अंग म्हणजेच टाकी. पुढचा भाग फिरवून काढायचा, शाई थेंबाथेंबाने सोडायची, आट्यांना बोटाने जरासं व्हॅसलीन लावून बंद करायचा. तू म्हणतोस असले पेन शाई ओकतात. ओकणारच. शाई संपत आली की आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. अर्ध्याच्या खाली जाऊच द्यायचा नाही. पुढे त्यांनी रबरी पिशवीचा एक पेन आणला. तो वासरासारखा, दाबून सोडला की स्वतःच ओढून पितो. पण रबर कुजलं आणि सगळी शाई पोटातच सांडली. मग मागून फिरवायचा एक आला, आत दट्ट्या, पिचकारीसारखा. चांगला होता, शाळेच्या तपासणीत कोणी साहेब सही करायला घेऊन गेला तो गेलाच. तुझ्या नव्या पेनात काढता-घालता येते ती नळी आहे ना, तिचीही रीत तीच. निब पूर्ण बुडव, वरचं भोकही शाईत जाऊ दे, मग फिरव. नुसतं टोक बुडवलंस तर हवाच प्यायला देशील. आणि पुसायला जुनं सुती धोतर घे, कागदी रुमालाचे तंतू निबेत अडकतात. झाली तुझी शिकवणी.

आता तुझ्या मागणीचं. जयंतीला येशील तेव्हा आजोबांचा तो ड्रॉपरचा पेन घेऊन जाईन म्हणालास. तुझ्याकडे म्हणे पेनांची रांग झाली आहे, आणि मोबाइलवर त्यांचे फोटो असतात. पेन इतके आणि या घरी तुझं पत्र एकही नाही, हे मी फक्त बोलून दाखवते, रागावले नाही. तुझ्या बापाने तर लगेच हो म्हटलं. आपल्याकडे चौदा एप्रिलला घरचा मोठा माणूस तो पेन खिशाला लावून मिरवणुकीत जातो. आजोबा गेल्यापासून मी दरवर्षी तो भरते आणि तुझ्या बापाच्या खिशाला लावते. तो दिवसभर मिरवतो, शब्द एक लिहीत नाही, संध्याकाळी मी शाई काढून, पेन धुऊन, वाळवून पेटीत ठेवते. एवढंच त्या पेनाचं आयुष्य राहिलं होतं.

पण हिवाळ्यात, तुरीच्या दिवसांत, मी पेटी उघडली तर पेनाचं फडकं ओलं. घरात आम्ही तिघं. तुझा बाप वावरात. ज्याने कोणी पेन धुतला त्याने छान धुतला होता, फक्त तसाच ओला गुंडाळला होता. मी फडकं वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पेन भरला, शिलाई मशीनवर पेल्यात उभा करून ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. उठले तर पेन हातात हलका लागला. मग रोज भरत गेले. रोज तो हलका होत गेला. तुझ्या आईने मुक्त विद्यापीठाचा बी.ए.चा फॉर्म भरला आहे हे मला नंतर कळलं, तुझ्या बापाला त्याच्याही नंतर. त्याने विचारलं, "आता या वयात कायले? घरचं कोण पाहीन?" मी म्हटलं, "मी मेली काय?"

परवा तुझ्या पेनाची गोष्ट निघाली तेव्हा मी म्हटलं, पेन या घरातून जाणार नाही, तो नीलिमाचा आहे. तुझा बाप हसला. "पेन माणसाच्याच खिशाले शोभते. बाईले खिसा तरी असते काय?"

म्हणून हे पत्र. पेन तुला मिळणार नाही, प्रसेनजित. आत्ता तुझ्या आईने तो खाली ठेवला. हो, हे पत्र त्याच पेनाने लिहिणं चाललं आहे. म्हणते, "आई, हे नका लिहायले लावू. त्याले वाईट वाटीन." मी म्हटलं, लिही. वाईट वाटलं तर रांगेतल्या दुसऱ्या पेनाने मला तसं कळव. पोलकी शिवणाऱ्या तुळसाबाईकडून तुझ्या आईच्या पांढऱ्या पोलक्याला खिसा शिवून आणला आहे. तुळसाबाई दोनदा विचारत होती, आतून ना? मी म्हटलं, बाहेरून, आणि उजवीकडे, डावीकडचा पदराखाली झाकला जातो. चौदा तारखेला पेन त्या खिशाला लागेल आणि मी लावीन. तुझ्या बापाला हे अजून सांगितलं नाही, तेव्हाच पाहील. तू ये आणि तिच्या बाजूने चाल. तिची परीक्षा मे महिन्यात आहे, वाशीमला. तुझ्या बापाने मोटरसायकल काढली तर ठीक, नाहीतर आम्ही दोघी एसटीने जाऊ. ती आत पेपर लिहील आणि मी बाहेर फाटकाजवळ बसून राहीन, शाईची बाटली घेऊन. कोणी उठवून तर दाखवावं.

तुझीच, पण या वेळी तुझ्या बाजूची नसलेली,
आजी पंचफुला

लिहिणारी: नीलिमा