नारळ भायर फोड

आये, काल मशीन बंद केलं. हे तुला सांगायला तुझ्या फोटोपुढे बसलोय खरा, पण तोंड कसं उघडावं ते कळत नाही, म्हणून बोंबलांपासून सुरू करतो.

रे रोडच्या त्या गाळ्यात तू सोल्डर नीट धरावं म्हणून सर्किटांना ब्रशने फ्लक्स लावायचीस. गिरणी बंद पडून बाबा घरी बसले होते, साच्यांच्या खडखडाटाने त्यांचे कान त्याआधीच गेलेले, आणि घर तुझ्या त्या ब्रशवर चाललेलं. डिप्लोमा अर्ध्यात सोडून मीही तिथेच लागलो, तुझ्या शेजारच्या स्टुलावर. फ्लक्समधल्या राळेचा वास तुझ्या साडीला यायचा, आणि बाबा विचारायचे, "कामावरून आलीस की देवळातून?" मी फ्लक्स असा थापायचो, जणू थालीपीठच. जास्त लावला तर सोल्डर जास्त धरेल, असं माझं शहाणपण. वर हीटरवर नीट सुकू न देताच सर्किट पुढे ढकलायचो. खाली वितळलेल्या सोल्डरची, त्या कथील-शिशाच्या रसाची, लाट उसळत असायची, तिला ते ओलं सर्किट टेकलं की तडतड उडायचं आणि मोहरीएवढे गोळे जागोजागी चिकटून बसायचे. तू मान वर केली नाहीस. नुसत्या आवाजावरून म्हणालीस, "मेल्या, ओले बोंबील कोण तेलात सोडता? आदी दाबूक होये!" सगळा गाळा हसला. पण घरी तू बोंबील पाट्याखाली दाबून पाणी काढायचीस ते मी रोज बघत होतो, त्यामुळे पुन्हा सांगावं लागलं नाही. फ्लक्स पातळ लावायचा, मग बोटाला चिकटेल पण बोट भिजणार नाही इतपत सर्किट तापवायचं, आणि मगच लाटेवर. नीट तापलेलं सर्किट फक्त 'स्स' करतं. त्या 'स्स'वर मी पुढे स्वतःचा धंदा उभा केला.

करी रोडला गाळा घेतला, त्या दिवशीची तू अजून दिसतेस. जरीची साडी, हातात हळदीकुंकवाचं पंचपाळं. मशीन सकाळपासून तापत ठेवलेलं, पॉटमधलं सोल्डर आरशासारखं चमकतंय. पाहुणे जमलेत. मी नवा शेठ, अंगात वारं शिरलेलं. नारळ उचलतो आणि मशीनच्याच कडेवर आपटायला हात वर करतो. दारातून तुझी किंकाळी येते, "थंय नको! भायर फोड! भायर!" माझा हात तसाच वर. नारळाच्या पाण्याचे दोन थेंब त्या पॉटमध्ये पडले असते तर तापलेलं सोल्डर उसळून सगळ्यांच्या तोंडावर आलं असतं. एवढी वर्षं ओल्या सर्किटाला जपणारा मी, पूजेच्या नादात अख्खा नारळ त्यावर फोडायला निघालो होतो! नारळ उंबऱ्याबाहेर फुटला. तू मशीनला कोरडी हळद लावलीस आणि कानाशी येऊन म्हणालीस, "देव कोपणा नाय रे, सोल्डर कोपता."

आता त्या गाळ्यात काम नाही. आपलं शेवटचं गिऱ्हाईक, स्टॅबिलायझरवाला, तयार सर्किटं बाहेरून मागवतो. फोनवर म्हणाला, "पुढच्या महिन्यात नक्की देतो." माझे कान तुझे आहेत. माणूस 'नक्की' म्हणताना घसा खाकरला की काम गेलं, हे मला कळतं. तरी महिनाभर मी रोज सकाळी पॉट तापवत राहिलो. कामावरच्या बायका येऊन बसायच्या, एकमेकींचे डबे खायच्या, घरी जायच्या. मशीन जुनं म्हणून चालू हालतीत कोणी घेईना, शेवटी भंगारवाल्याला दिलं. बायकांना दुसरीकडे लावीन म्हणालो होतो. चार ठिकाणी फिरलो, चारी ठिकाणी चहा मिळाला.

आज सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो यायच्या आधी त्या आल्या. भोईवाड्याची मावशी, पहिल्या दिवसापासून फ्लक्सवर बसणारी, पिशवीतून नारळ काढून म्हणाली, "शेठ, पोरगी सासरी जाते तेव्हा ओटी भरतो ना? मग हिची रिकामीच पाठवणी करणार?"

"मावशी, ही सासरी नाही, कुर्ल्याला भंगारात चालली आहे."

"कुर्ल्याला काय सासरं नसतात?"

हसल्या सगळ्या. मीही हसलो. मग मावशीने नारळ माझ्या हातात दिला आणि सगळ्या उंबऱ्याबाहेर जाऊन ओळीने उभ्या राहिल्या, कारण नारळ तिथेच फुटतो हे त्यांना तुझ्यापासून माहीत. मी म्हणालो, आलोच.

पॉटमधलं सोल्डर रात्रीत गोठलं होतं. वर राखाडी साय, मध्ये खळगा. मी नारळ घेऊन मशीनजवळ गेलो, त्याच कडेपाशी, आणि हात वर केला. तसाच धरून ठेवला. बाहेर मावशी कोणाला तरी टेम्पो बाजूला घ्यायला सांगत होती. बाकी काही ऐकू आलं नाही.

मग मी तिथेच फोडला, आये. पाणी सोल्डरवरून ओघळून खळग्यात साचलं. तडतड नाही, 'स्स' नाही. खांदा भरून येईपर्यंत हात वर धरला होता, तो तू ओरडशील म्हणून.