लाख बेल आणि माझी लबाडी

तीर्थरूप आत्याबाईंना, तुमच्या सुनेचा, गिरजेचा, साष्टांग नमस्कार.

तुमी जाऊन सव्वा महिना झाला. मेलेल्या सासूला कुणी पत्र लिहितं का, म्हणून तुमचे चिरंजीव मला हसायलेत. हसू द्या! आज सकाळी महादेवाच्या देवळातला गुरव एक बोलला. तुमाला सांगितल्याबिगर गत न्हाई.

तुमी लाख बेलाचा नवस बोलला होतात. कशासाठी, तर म्हैस गाभण ऱ्हावी म्हणून! अख्ख्या बोरी गावाला तुमी हेच सांगितलं. मी तापातून नुकतीच उठलेली, अंगात ताकद न्हाई, आन् म्हशीपायी दर सोमवारी मला देवळात बसवलंत. राग येणार न्हाई का?

तुमाला विसाच्या पुढं मोजता येत नव्हतं. माझे वडील निजाम सरकारच्या मदरशात, म्हंजी शाळेत, मास्तर, त्यामुळं मला आकड्यांचा लय तोरा.

"शंभराच्या फुडं काय असतंय गं?" तुमी विचारलं.

"एकशेएक."

"त्याच्या फुडं?"

"एकशेदोन. एकेक मिळवत जायचं. संपतच न्हाई."

"जे संपतच न्हाई, ते तू शिकलीस कवा?"

बोला!

आन् बेलाचं तर इचारूच नका. एका देठाला तीन पानं. मी म्हणलं, तीन धरा, लवकर सुटू. तुमी डोळे वटारलेत. "तीन मिळून एकच. महादेवाला फसवायलीस व्हय?"

शेवटी तोड तुमीच काढलीत. गुरवाकडून ज्वारीचे पाच हजार दाणे मोजून आणले, एका गाडग्यात ठेवले. वीस पानं वाहिली की एक दाणा दुसऱ्या गाडग्यात टाकायचा. पहिलं गाडगं रिकामं झालं की लाख पुरे. पुढचं मोजायचं कामच न्हाई! माझी तिसरी यत्ता गेली चुलीत.

दाणे टाकायचं काम माझं. तुमी डोळे मिटून पानं वाहायच्या. आन् मी... आता लपवून काय करू? कंटाळा आला की एकाच्या जागी तीन-तीन दाणे टाकायची. एकदा तर चिमूटभर. वर्षाचं काम पाच महिन्यांत उरकलं. "लाख काय लय नसतंय गं," म्हणत तुमी गल्लीभर साखर वाटलीत. मीबी खाल्ली, दोनदा.

म्हैस गाभण राहिली. मला वाटलं, चला, देवानं डोळेझाक केली.

आज गुरव म्हणाला, "म्हस? कुठली म्हस? तू मुदतीच्या तापात बडबडत व्हतीस, तवा म्हातारीनं पिंडीपुढं डोकं टेकून बोललेला नवस हाय त्यो. सुनेला कळलं तर डोक्यावर बसंल, म्हून म्हस सांगितली."

अवं आत्याबाई! एवढा कसला ताठा? बेलाचे काटे तुमच्या बोटांत, जीव माझा, आन् चोरीबी मीच केली! रडू का हसू? मी तर दोन्ही करायलेय.

मग तूट काढायला बसले. पण किती दाणे जास्त टाकले तेच आठवंना, वजा काय करू? अंदाजानं भर घातली आन् एक पान जरी कमी पडलं, तरी त्यो लाख न्हाई.

म्हणून सांगते, येत्या सोमवारी पहिल्या पानापासून धरते. वीस पानं, एकच दाणा. मधी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. कितीबी वर्षं लागू द्या. मला जगवून ठेवलंत ना तुमी? मग येळ लय हाय माझ्यापाशी.

तुमची लबाड सून,
गिरजा