गंगाआत्यांच्या कीर्तनाची मोकळी सीडी

तंजावूर, १० एप्रिल २००५

तीर्थस्वरूप रघुपतीअण्णांना धाकट्या मामेभावाचा, वरुणरावाचा, वाकून नमस्कार.

बंगळूरला गुडघा काय म्हणतो? तुमच्या मातोश्री, म्हणजे आमच्या गंगाआत्या, एक्क्याऐंशीव्या वर्षी ठणठणीत आहेत आणि तुम्ही त्यांचं कीर्तन एकदा तरी पाहावं म्हणून हटून बसल्या आहेत. सोबतची सीडी त्यासाठीच.

ती साधी समजू नका. व्हिडिओ आटोपशीर करून साठवण्याच्या ज्या युक्त्या बाजारात चालतात, त्यांवर कंपन्यांची पेटंटं आहेत. म्हणजे कीर्तन आत्यांचं, कॅमेरा आमचा, आणि गाठोडं बांधायला परवानगी परक्याची! (कीर्तनातल्या साकी-दिंडीच्या चाली आपल्या लोकांनी या मुलुखात आणल्या, तमिळ कथेकऱ्यांनी उचलल्या, कोणी परवाना मागितला होता?) माझी लेक रंजना कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. तिनं मोकळी पद्धत शोधली. एका अमेरिकन कंपनीनं आपली जुनी युक्ती पेटंटांसकट जगाला वापरू दिली, तिच्यावर स्वयंसेवक ही मोकळी पद्धत रचत आहेत. कोणीही वापरावी, कोणीही सुधारावी! शिवाय गेल्याच महिन्यात संसदेनं सॉफ्टवेअर-पेटंटांना दार उघडणारं कलम गाळलं. मी गल्लीभर मैसूरपाक वाटला. (रंजनाचं लग्न ठरलं समजून तिघींनी साडीचा रंग विचारला.)

गेल्या रविवारी राजवाड्यामागच्या हॉलमध्ये जाहीर खेळ ठेवला. आपली साठेक माणसं जमली. रंजनानं बटण दाबलं. आत्यांचा आवाज खणखणीत आला, पडदा मात्र काळाभोर. ती खटपट करू लागली, आणि तेवढा वेळ भरून काढायला मी ज्ञानाच्या स्वातंत्र्यावर बोललो. पाऊण तास. मागून निवृत्त पोस्टमास्तर रामस्वामी ओरडले, "सार, भाषण पोदुम, पुरे! चित्र दाखवा!" शेवटी आत्याच उठल्या. "वरुणा, सरक तिकडे," म्हणाल्या आणि पडद्यापुढे स्वतः उभ्या राहून तासभर कीर्तन केलं. टाळ्यांनी हॉल दणाणला. (त्यातल्या काही माझ्या असाव्यात.)

अण्णा, आज आवाज आला आहे, चित्रही येईल. जे सर्वांचं आहे, त्यावर खपणारे हातही पुष्कळ असतात.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
वरुणराव

ता.क. आमच्याकडे अजून चित्र दिसलेलं नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर दिसलं, तर काय केलंत ते रंजनाला सविस्तर कळवा. आत्यांना मी "आता उत्तम चालते" असं सांगितलं आहे.

ता.क. दुसरा. चित्र अजून आलेलंच नाही, हे आत्यांना कळलं. सीडीचं उत्तर येईपर्यंत थांबायला त्या तयार नाहीत. शुक्रवारच्या गाडीनं आम्ही दोघं निघतो आहोत. हॉल तुम्ही ठरवा, आणि मुलानं पहिल्या रांगेत बसायचं, असा निरोप आहे.