मातेची भिंत

९ मे १९६७, मंगळवार

सही केली नाही. चष्मा लावला, कागद दोनदा वाचला, परत दिला. फादर फेदेलेंचा चेहरा पडला. फ्लॉरेन्सहून आलेले बोस्सी जुनी चित्रं दुरुस्त करतात — ते वाद घालत बसले नाहीत. भिंतीला तळवा टेकवला आणि मला दाखवला. ओला होता.

भिंतीवर रंगवलेल्या मातेच्या निळ्या झग्यावर खार फुटलाय, तो दोन वर्षांत गुडघ्यापर्यंत चढला. पाच हिवाळ्यांत चेहराही जाईल म्हणतात. त्याआधी चित्र भिंतीवरून सोलून काढायचं आणि अरेत्सोच्या म्युझियममध्ये लावायचं. सोलून! सशाचं कातडं सोलतात तसं.

हे टेकडीवरचं चर्च गावच्या मंडळाचं, आणि मंडळात जिवंत मी एकटी. अध्यक्ष मी, सभासद मी, झाडू मारणारीही मीच. सासूबाईंनंतर किल्ली माझ्याकडे आली त्याला एकतीस वर्षं झाली. माझा मुलगा आमेदेओ युद्धावर गेला तो रशियातून परत आला नाही, तेव्हा मी तोंडात येईल ते बोलले ते हिलाच. तिनं ऐकून घेतलं. म्युझियमच्या पहारेकऱ्यासमोर मी काय बोलणार?

१० मे

नेल्ला घरी आली. माझी नणंद. गावभर झालेलं दिसतंय.

"वहिनी, मुलगी द्यायची तर लोक आधी घर बघतात. तू न बघताच नाही म्हणालीस."

राग आला. म्हटलं, बघून येते. अरेत्सोचं दालन अजून उघडायचंय, म्हणून आधी सिएनाचं म्युझियम आणि मग फ्लॉरेन्सला बोस्सींचं काम. तीही येणार म्हणे. तिला सिएनाची बदामाची बिस्किटं हवी आहेत, चित्रांशी काही देणंघेणं नाही.

१६ मे, सिएना

पाय सुजले. हे शहर नुसतं चढ आणि उतार.

मोठ्या चर्चमध्ये खांबांना काळे-पांढरे आडवे पट्टे. नेल्ला म्हणाली, गादीचं कापड. मी दटावलं, पण मग मलाही गादीच दिसायला लागली. खाली फरशीवरही चित्रं, दगडात दगड बसवून केलेली. माणसांच्या तोंडावर पाय कसा द्यायचा? मी कडेकडेनं चालले.

दुपारी म्युझियम. एका खोलीत माता, दुसऱ्या खोलीत माता, तिसऱ्या खोलीतही माताच. मागे सोनं, मांडीवर बाळ. दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारख्या. पहारेकरी ओरेस्ते म्हणून एक गृहस्थ, बोलायला भुकेलेले. मी प्रत्येकीपाशी थांबून विचारत होते — ही कुठली? ते पाटी वाचून गावाचं नाव सांगत होते. एकही सिएनाची निघेना. सगळ्या खेड्यांतून आणलेल्या.

एकीबद्दल त्यांनी पाटी न वाचता सांगितलं. तिच्या गावचे लोक दर सप्टेंबरात तिच्या वाढदिवसाला बस करून यायचे. आत फुलं न्यायची परवानगी नाही, म्हणून ओरेस्ते ती तिकीट-खिडकीत पाण्यात ठेवायचे. मग बसचे लोक कमी झाले. शेवटी दोन बहिणी यायच्या. गेली तीन वर्षं कुणीच नाही.

बस! माझं ठरलं. नाही म्हणजे नाही. रात्री जेवण गेलं नाही. नेल्लानं माझ्याही वाटची बिस्किटं संपवली.

१७ मे

फ्लॉरेन्सला न जाता परत फिरू म्हणत होते. नेल्ला ऐकेना. तिकिटं काढून बसली होती.

१८ मे, फ्लॉरेन्स

नोव्हेंबरच्या पुराची खूण अजून भिंतींवर आहे. काळी, तेलकट, माझ्या डोक्याच्या वर. नेल्लानं हात उंच करून पाहिला, तरी पोचेना. एका चर्चच्या ओवरीत उभ्या राहिलो तर अजून चिखलाचा वास येतो. दगडी कमानी इतक्या हलक्या बांधल्यात की वजन कुठे गेलं असं वाटावं, आणि खाली हा वास.

बोस्सींच्या कामाच्या जागी गेलो. दालन मोठं, पण चित्रं भिंतीवर नाहीत — टेबलांवर आडवी निजवलेली, चेहऱ्यांवर पातळ कागद चिकटवलेला, रंग पडू नये म्हणून. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एक लाकडी फळी नुसतीच होती. मी विचारलं, हे कोण? बोस्सी म्हणाले, "माता होती. पुरात रंग वाहून गेला. लोक चिखलात गुडघे टेकून चाळणीनं कपचे शोधत होते." कपच्यांची एक बशी दाखवली. नखाएवढे तुकडे. निळा कुठला आणि कुणाच्या झग्याचा, कुणाला सांगता येत नाही.

सिएनातल्या त्या बाईला कुणी भेटायला येत नाही, खरं. पण ती आहे.

स्टेशनवर माझी पिशवी नेल्लानं उचलली.

२० मे

सही केली. फादर फेदेले आभार मानायला लागले. मी म्हटलं, नका मानू.

११ जुलै

भिंत वाळायला जुलै उजाडला. बोस्सी दोन माणसं घेऊन आलेत. चर्चमध्ये सरस उकळतोय, त्याचा वास उतारावरच्या घरांपर्यंत येतो. तिच्यावर सरसानं कापड चिकटवलं. आधी पाय, मग बाळ, शेवटी चेहरा. चेहऱ्याच्या वेळी बोस्सींनी थांबून माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली आणि घरी आले.

१३ जुलै

कापड वाळतंय. वाळलं की त्याला चिकटून चित्रासकट गिलावा सुटणार. काही करमत नाही.

१४ जुलै

गेले नाही. किल्ली बोस्सींना दिली आणि नेल्लाकडे शेंगा सोलत बसले. चारच्या सुमाराला टेम्पो उतरणीला लागल्याचा आवाज आला. नेल्ला उठून खिडकी लावायला गेली. मी म्हटलं, राहू दे. मग रडले. इतकं मी आमेदेओ गेल्याची चिठ्ठी आली तेव्हाच रडले होते.

संध्याकाळी बोस्सी किल्ली द्यायला आले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. मी ऐकलं नाही, दार लावून घेतलं.

१५ जुलै

माती पडली असेल म्हणून झाडायला गेले. भिंत रिकामी नाही!

वरचा गिलावा निघालाय आणि खालच्या खरबरीत चुन्यावर लाल मातीच्या रेघांनी माता काढलेली आहे. रंगवण्याआधी चित्रकारानं स्वतःसाठी काढलेली. झगा नाही, सोनं नाही. उजवा हात तीन जागी काढलाय. कुठे ठेवावा हे त्यालाही कळत नव्हतं. पाचशे वर्षांत तिला कुणी पाहिलेलं नाही.

बोस्सी मागे येऊन उभे होते. म्हणाले, काल हेच सांगायचं होतं. हीसुद्धा काढता येईल, म्युझियम आनंदानं घेईल. इथे राहिली तर दहा-बारा वर्षांत पुसून जाईल. सहीचा कागद बरोबर आणला होता.

मी म्हटलं, "मी एकाहत्तर वर्षांची आहे. पुरेल."