प्रभाकरचा डोंगर

रविवार, दसऱ्यानंतरचा. संध्याकाळ.

आज एकटाच डोंगर चढून आलो. इंद्रवेल्लीला बसमधून उतरलो तेव्हा मनात एकच होतं, आमच्या शाळेतला प्रभाकर खोटं बोलतो. बायपास झालेला माणूस माथ्यावरच्या तळ्यापर्यंत पोचतोच कसा? शाळेत महिनाभर सगळे मास्तर त्याच्या त्या तळ्यावरच्या फोटोचं कौतुक करताहेत. फोटो काय, कसाही जुळवता येतो. माझं कौतुक शेवटचं कधी झालं, आठवत नाही.

अर्ध्या वाटेवर मलाच धाप लागली. सागाखाली बसलो. तिथं शेळ्या चारणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "छातीचं ऑपरेशन झालेले एक मास्तर आले होते का इथं?"

"चारदा आले. तीनदा इथूनच वापस गेले. त्यायची बायको खालून हाका मारून राह्यली होती."

म्हणजे खरंच होतं. मग वर पोचेपर्यंत चढाचं काही वाटलं नाही, त्या हाकांचंच वाटत राहिलं. माझी शोभा जाऊन सहा वर्षं झाली. मला खालून कोण हाक मारणार?

तळं सुंदर होतं. निळं पाणी, काठाला पिवळं पडत चाललेलं गवत. बघून राग आला. तिथूनच प्रभाकरला फोन लावला. म्हटलं, "मीही पोचलो."

"एकटा गेला? काऊन सांगितलं नाही बे? आमी दोघंही आलो असतो. जपून उतर, खाली आला की फोन कर."

फोन केला नाही. आत्ता त्याचाच आला, तिसऱ्यांदा. हा माणूस चांगलाही आहे, हेच मला सहन होत नाहीये.