‘डिस्क कोरी आहे’

खाण-छावणी, उत्तर लॅब्राडोर
१० फेब्रुवारी २००८

सौ. लोरेटाताईस,
सा. न. वि. वि.

डिस्क पोचली. पाकिटाचे कोपरेही दबले नव्हते. पण ताई, डिस्क कोरी आहे. हे मी म्हणत नाही, लॅपटॉप म्हणतो.

बाबा स्वयंपाकघरात बसून गायले आणि शेवटी माझं नाव घेऊन दोन शब्द बोलले, ते सगळं तिच्यावर भरलंय, असं तू लिहिलंस. म्हणून मी घाई न करता सगळं तपासलं. डिस्क चष्म्याच्या फडक्याने मधून कडेकडे पुसली. ड्राइव्हच्या लेन्सवर रबरी फुग्याने हवा मारली. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला, तीन वेळा. हा लॅपटॉप मी आमचा आचारी सिरिल याच्याकडून घेतलेला, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. त्याने रागारागाने आपला हॉकीचा सिनेमा आत सरकवला. तो लगेच चालला. वर सिरिल मलाच म्हणाला की बाळा, माझ्या यंत्राला नावं ठेवण्याआधी घरच्यांना विचार.

म्हणून विचारतो. बाबा खरंच बोलले का? मी त्यांच्या बोटीवर जायचं नाकारलं, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून ते माझ्याशी एक शब्दही बोललेले नाहीत. मला घरी ओढायला तू कोरी डिस्क तर पाठवली नाहीस? तुझ्या पत्रात ‘विश्वास’चा दोनदा ‘वीश्वास’ झाला आहे. घाईने लिहिणारा माणूस काहीतरी लपवतो.

फोन करत नाही. इथे मागे रांग असते, आणि फोनवर थाप मारणं सोपं.

लोभ असेल तर खरं लिही.
ॲम्ब्रोस


टर्नस्टोन कोव्ह, न्यूफाउंडलंड
२१ फेब्रुवारी

चि. ॲम्ब्रोसला लोरेटाताईचे अ. आ.

आठवीत शाळा सोडलेल्याने माझ्या वेलांट्या मोजू नयेत! पाठवण्याआधी ती डिस्क टीव्हीखालच्या रेकॉर्डरवर मी आणि तुझ्या गस भावोजींनी पुरती पाहिली. गसचे तर डोळे भरून आले. विचारलं तर म्हणतो, कांदा चिरत होतो.

बाबा काय बोलले ते लिहिणार नाही. लिहिलं तर मीच रचलं म्हणशील. काल टपाल आलं तेव्हा ते जाळं दुरुस्त करत होते. पाकीट फोडल्याचा आवाज झाला आणि त्यांची सुई थांबली. मान काही वर केली नाही. नंतर गसला म्हणाले, त्या शहाण्याचं यंत्र धड आहे ना, विचारा. तुझं नाव घेतलं नाही, पण ‘शहाणा’ या घरात एकच आहे.

आपल्या रानातल्या बेकॲपल फळांचा मुरंबा पाठवते आहे. तोही तपासून खा.

तुझ्या संशयासकट तुझी,
लोरेटाताई


खाण-छावणी
२ मार्च

सौ. लोरेटाताईस,
सा. न. वि. वि.

डिस्क खिडकीशी तिरपी धरून पाहिली. मधल्या भोकाभोवती अर्धं बोट रुंद गडद पट्टा आहे. सिरिल म्हणतो, तेवढ्या भागावर लिहिलेलं असतं. म्हणजे डिस्क कोरी नाही, आणि तू खोटं बोलत नव्हतीस. चूक झाली. पण छावणीतली तिन्ही यंत्रं तिला कोरीच म्हणतात. मग मधे कुणी पुसली का? भावोजींना यंत्रांशी खेळायची सवय आहे, हे मी सहज लिहितो.

डिस्क परत पाठवतो. मधल्या कड्यावर पेनाने बारीक ‘अ’ काढला आहे. बदलली तर कळेल. मला ते दोन शब्द ऐकायचे आहेत, ताई. वाईट असले तरी.

उत्तराची वाट पाहणारा,
ॲम्ब्रोस


टर्नस्टोन कोव्ह
१३ मार्च

चि. ॲम्ब्रोसला अ. आ.

तुझा ‘अ’ शाबूत आहे. डिस्क आपल्या रेकॉर्डरमध्ये घातली, लगेच चालली. मग गसने यंत्राची पुस्तिका शोधून वाचली. अशी डिस्क भरून झाली की ‘बंद’ करावी लागते. तोवर जिने लिहिली तीच मशीन वाचते. बाकीच्यांना ती कोरी वाटते.

तेव्हा मला आठवलं. त्या दिवशी गाणं संपल्यावर यंत्राने विचारलं होतं, बंद करू का? बाबांनी अर्थ विचारला. मी म्हटलं, एकदा बंद केली की पुढे काही भरता येत नाही. ते म्हणाले, मग राहू दे, जागा ठेव. मी ठेवली. दुसरीकडे चालणार नाही हे मला कुठे ठाऊक!

बंद करायला चार मिनिटं लागतात. पण रिमोट बाबांनी शर्टाच्या खिशात टाकलाय. म्हणतात, तो उत्तर देईल ते कशावर घ्यायचं? गस म्हणाला, नवी डिस्क मिळते. तर म्हणाले, एका घरातली दोन माणसं दोन डिस्कांवर कशाला?

ही आमची मिलीभगत म्हणशील. म्हण. पण आता तूच सांग. हट्ट करून रिमोट काढून घेते आणि बंद करून पाठवते, की कसं?

तुझ्या होकाराची किंवा नकाराची वाट पाहणारी,
ताई


खाण-छावणी
२४ मार्च

सौ. लोरेटाताईस,
सा. न. वि. वि.

बंद करू नकोस.

पाच एप्रिलच्या विमानात जागा मिळाली आहे. पुढे बोटीने येईन. भावोजींनी ती पुस्तिका आधीच वाचली होती असा मला अजून संशय आहे, भेटीत विचारीन.

बाबांना काही कळवू नकोस. ते धक्क्यावर दिसले तर तू सांगितलंस असं मी धरीन. आणि तू सांगशीलच, म्हणून नीट लिहितो : सहा तारीख, रविवार, दुपारी सव्वादोन.

ॲम्ब्रोस